व्हिएन्नात दोन दिवस: शोनब्रुन पाहायचा की हॉफबुर्ग?

प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट अशी सहल आखली की व्हिएन्नाच्या वाट्याला जेमतेम दोन दिवस येतात. राजवाडे दोन, दोन्ही ऑस्ट्रियावर राज्य केलेल्या हाब्सबुर्ग घराण्याचे, आणि तिकिटं कुठलीच स्वस्त नाहीत. बहुतेक मंडळी ‘आता आलोच आहोत तर’ म्हणून दोन्ही उरकतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं सोनेरी नक्षीकाम डोळ्यांपुढे एकसारखं दिसायला लागतं. आमचं पहिल्या खेपेला तेच झालं. आईबाबा बरोबर होते. हॉफबुर्गच्या दहाव्या-बाराव्या दालनात बाबा म्हणाले, “अगं, हे कालच पाहिलं ना आपण?” त्यांचं चुकलं नव्हतं. दोन्हीकडे तोच सम्राट फ्रान्झ योझेफ, तसेच लाल पडदे आणि तसाच त्याचा साधा लोखंडी पलंग.

म्हणून माझा सल्ला असा: शोनब्रुनचा महाल आतून पाहा. हॉफबुर्गमधली सम्राटाची दालनं आणि त्याच्या राणीचं, एलिझाबेथ ऊर्फ सिसीचं, म्युझियम वेळ कमी असेल तर सोडून द्या, पण त्याच आवारातला शाही खजिना, शात्झकामर, सोडू नका. त्याचं तिकीट वेगळं असतं, आणि म्हणूनच पुष्कळ जण तिथपर्यंत पोचत नाहीत.

शोनब्रुन हा उन्हाळी मुक्कामाचा महाल. कार्ल्सप्लाट्झहून यू-४ या मेट्रोने दहा मिनिटांत पोचता येतं. खोल्या १,४४१, त्यातल्या लोकांसाठी खुल्या आहेत चाळीसच्या आसपास, आणि तेवढ्या पुरतात. आजचं त्याचं रूप आहे अठराव्या शतकातल्या मारिया थेरेसा या राणीच्या काळातलं. सहा वर्षांचा मोझार्ट १७६२ साली इथेच तिच्यापुढे वाजवून गेला. चाळीस मीटरहून लांब असलेल्या मोठ्या गॅलरीत झुंबरांखाली उभं राहिलं की हा दरबार स्वतःला काय समजत होता ते न सांगता कळतं. शेवटही याच महालात झाला. फ्रान्झ योझेफ १८३० साली इथे जन्मला आणि १९१६ साली इथेच वारला. दोन वर्षांनी, ११ नोव्हेंबर १९१८ला, त्याच्या वारसाने, कार्लने, निळ्या चिनी दालनात सही करून राज्यकारभारातून अंग काढून घेतलं. सहाशे वर्षांहून जुनी सत्ता एका सहीवर संपली, ती ही खोली.

तिकीट घेताना छोटी फेरी आणि मोठी फेरी असे पर्याय दिसतील. चार पैसे जास्त गेले तरी मोठीच घ्या. मी हे एवढ्या आग्रहाने सांगते ते दोन खोल्यांसाठी.

पहिली नेपोलियनची खोली. व्हिएन्ना जिंकल्यावर तो शोनब्रुनमध्ये उतरला होता. पुढे त्याचा मुलगा याच महालात आईच्या वडिलांच्या, म्हणजे ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या, घरी वाढला आणि १८३२ साली, एकविसाव्या वर्षी, क्षयाने गेला. त्याने पाळलेला तुऱ्याचा चंडोल पेंढा भरून अजून तिथे ठेवलेला आहे. मूठभर पक्षी, रंग मातकट. आजूबाजूला एवढं वैभव असून माझी नजर त्याच्यावरून हलेना.

दुसरी खोली तर आपल्या माणसांनी मुद्दाम थांबून पाहावी अशी. ‘मिलियोनेनत्सिमर’, म्हणजे लाखमोलाची खोली. भिंतींना मौल्यवान लाकडाचं अस्तर आहे, त्यात वेलबुट्टीच्या वेड्यावाकड्या आकाराच्या सोनेरी चौकटी, आणि चौकटींत मुघल लघुचित्रं. होय, मुघल. जवळ जाऊन पाहिलं की लक्षात येतं, ही चित्रं अखंड नाहीत. चौकटींचे आकार चित्रांना जुळेनात म्हणून शाही कुटुंबातल्या मंडळींनी ती कापली आणि तुकडे जुळवून नवीन चित्रं तयार केली. एका पानावरचा घोडेस्वार दुसऱ्या पानावरच्या बागेत जाऊन उभा आहे. मला तिथे आनंद झाला आणि वाईटही वाटलं. एवढ्या लांब आपल्याकडचा रंग ओळखीचा दिसला याचा आनंद, आणि कात्री चाललेली पाहून वाईट. छोट्या फेरीत ही खोली येत नाही, आणि ती न पाहता परत फिरणं म्हणजे पंगतीला बसून गोड पदार्थ यायच्या आत उठणं.

बागेला तिकीट नाही. महालामागची चढण चढून १७७५ साली बांधलेल्या ग्लोरिएट या कमानींच्या मंडपापर्यंत गेलं की अख्खं व्हिएन्ना खाली पसरलेलं दिसतं. गच्चीवर जायला पैसे पडतात, पण उतारावरच्या हिरवळीवरून दिसतं ते काही कमी नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच नेपच्यूनच्या कारंज्यापाशी बसावं. मुलं बरोबर असतील तर याच आवारात १७५२ सालापासून चालू असलेलं प्राणिसंग्रहालय आहे, जगातल्या आज चालू असलेल्यांत सर्वांत जुनं. मात्र त्यात अर्धा दिवस जातो, हे धरूनच आत शिरा.

आता हॉफबुर्ग. हा शहराच्या ऐन मध्यावरचा, तेराव्या शतकापासून वाढत गेलेला मुख्य वाडा. वाडा म्हणजे एक इमारत नव्हे. चौकामागून चौक, प्रत्येक शतकाने आपापली भर घातलेली. सिसीवर, म्हणजे सम्राज्ञी एलिझाबेथवर, ज्यांचा विशेष जीव आहे त्यांनी तिचं म्युझियम अवश्य पाहावं. व्यायामाची तिची खोली, दारात टांगलेल्या कड्या, घोट्यापर्यंत आलेल्या केसांची निगा, आणि १८९८ साली जिनिव्हात झालेला खून, हे सगळं तिथे नीट मांडलेलं आहे. पण गर्दी भयंकर, आणि पुढची दालनं शोनब्रुन पाहिल्यावर नवीन काही देत नाहीत.

शात्झकामरची गोष्टच निराळी. अंधाऱ्या, थंड, शांत एकवीस खोल्या. इथे पवित्र रोमन साम्राज्याचा मुकुट आहे, दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. मुकुट म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येतं तसा तो अजिबात नाही. गोल नाही, अष्टकोनी आहे. सोन्याच्या आठ पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या. चार पट्ट्यांवर मीनाकारीतली चित्रं, त्यांत दावीद आणि सॉलोमन हे राजे, आणि चारांवर नुसती रत्नं नि मोती. रत्नांना पैलू पाडलेले नाहीत, नदीतल्या गोट्यांसारखी घासून गोल केलेली आहेत. आणि ती सोन्यावर चिकटवलेली नाहीत. पट्टीला आरपार भोक पाडून त्यात खडा तारेने धरलेला आहे, मागून उजेड यावा म्हणून. काचेपुढे थोडं वाकून डोकं डावी-उजवीकडे केलं की निळा खडा आतून पेटल्यासारखा होतो. हजार वर्षांपूर्वीच्या कुणा सोनाराची ही अक्कल. मी तिथे वीस मिनिटं होते आणि तेवढ्या वेळात फार तर दहा माणसं आली असतील. शोनब्रुनमध्ये तेवढी एका मिनिटात अंगावरून जातात.

खर्चाच्या बाजूनेही इथे एक मुद्दा आहे. शात्झकामर, कुन्स्टहिस्टोरिशेस हे कलासंग्रहालय आणि बेल्वेडियर ही ऑस्ट्रियाच्या केंद्र सरकारची संग्रहालयं, तिथे १९ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट. शोनब्रुन त्यात मोडत नाही, मुलांचंही तिकीट काढावं लागतं. दोन मुलं असलेल्या घराला हा फरक चांगलाच जाणवतो.

राजवाड्यांपैकी एक सोडलात की अर्धा दिवस हातात उरतो. तो चित्रांना द्या. बेल्वेडियरमध्ये व्हिएन्नाचा चित्रकार क्लिम्ट याचं ‘चुंबन’ आहे, १८० सेंटिमीटरचा चौरस, खऱ्या सोन्याच्या वर्खाचा. पोस्टकार्डांवर हजारदा पाहिलं असलं तरी समोर उभं राहिल्यावर तो वर्ख हलतो. पण त्याच्यापुढे फोन उंचावलेली माणसं इतकी की चित्रापेक्षा हातच जास्त दिसतात. माझा कौल १८९१ साली उघडलेल्या कलासंग्रहालयाला, कुन्स्टहिस्टोरिशेसला. तिथल्या ब्रूगेल या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराच्या दालनात ‘बर्फातले शिकारी’ हे १५६५ सालचं चित्र आहे. दमलेली माणसं, माना टाकून चाललेली कुत्री, आणि दिवसभराच्या वणवणीची कमाई म्हणजे काठीला लटकवलेला एकच लुकडा कोल्हा. खाली मात्र गोठलेल्या तळ्यांवर अख्खं गाव खेळतंय. बर्फ आयुष्यात न पाहिलेल्या माझ्या आईला हे चित्र क्लिम्टपेक्षा जास्त आवडलं, आणि दालनात बसायला बाक आहे याचाही त्यात वाटा असेल.

स्टेफान्सडोम या कॅथेड्रलच्या मनोऱ्यांपैकी कुठला, हा प्रश्न दोन वाक्यांत सुटतो. दमदार पाय असतील तर दक्षिण मनोऱ्याच्या ३४३ पायऱ्या. नसतील तर उत्तर मनोऱ्याला लिफ्ट आहे आणि वर पुमरिन ही वीस टनांची घंटाही पाहायला मिळते.

आखणी करताना आधी वार पाहा. शात्झकामर मंगळवारी बंद. कुन्स्टहिस्टोरिशेस उन्हाळ्याचे जून ते ऑगस्ट सोडले तर सोमवारी बंद असतं. शोनब्रुन रोज उघडा, पण तिकिटावर आत सोडण्याची वेळ छापलेली असते आणि चांगल्या हंगामात सकाळच्या वेळा आधीच भरतात. घरूनच काढून ठेवा, शक्यतो दिवसातली पहिली. रिकामी बाटली बरोबर न्या. व्हिएन्नाच्या नळाला १८७३ सालापासून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, आणि त्यासाठी कुठल्याच रांगेत उभं राहावं लागत नाही.