शाळेतलं फुकट बार्बरशॉप वर्कशॉप, एका बापाचा रिव्ह्यू

पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला, शनिवार-रविवार बार्बरशॉप वर्कशॉप, सातवी ते नववी, फी नाही. पोरानं विचारलं, पप्पा फुकट कटिंग हाय का? खरं सांगतो, मला पण तेच वाटलं होतं.

निघालं गाणं, चौघांनी चार वेगळे सूर एकदम लावायचं. चार जण आले, वाद्य एक पण नाही, खिशात फक्त सूर धरायला एक छोटी पिपाणी. लीड मूळ चाल म्हणतो, त्याच्या वर टेनर, तळाला बेस, आणि मधल्या फटी भरायला बॅरिटोन, ज्याला स्वतःची धड चालच नसते बिचाऱ्याला. आपल्याकडं भजनाला बसलं की सगळे एकाच सुरात, त्यामुळं पोरं पहिला तासभर शेजारच्याच्या सुरात घसरायलेली, एक जण तर कानात बोट घालून गायला लागला, त्याला सांगितलं बोट काढ, ऐकल्याशिवाय जमतच नाही हे.

माझ्या पोराचा आवाज यंदा फुटलाय. गॅदरिंगच्या समूहगीतातनं ह्याच कारणानं बाहेर काढलेला, तेव्हापासून घरात गुणगुणणं पण बंद. इथं त्याला बेसला उभा केला, दोनच सूर दिले आणि म्हणले बाकीचे तिघं तुझ्यावर उभे आहेत, हलू नको. गडी हलला नाही ओ. मधल्या सुट्टीत ह्या बेसवाल्यांनी मागं बसून आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतलं 'हर्र बोला हर्र' असलं खर्जात लावलं की शिपाईमामा बघायला आले.

पण खरी मजा जिन्याखाली. हॉलमध्ये साऊंडवाल्यानं माईकला एवढा इको दिलेला की चार सुरांचा नुसता काला झाला, शेवटी वैतागून त्या चौघांनी पोरांना जिन्याखाली नेलं, माईक नाही काही नाही. तिथं टॅग म्हणले, टॅग म्हणजे गाण्याचा शेवटचा छोटा तुकडा, कागद न घेता ऐकून शिकायचा, आणि शेवटचा कॉर्ड, म्हणजे चारी सूर एकदम, असा लागला की वर अजून एक पाचवा आवाज ऐकू यायला लागला जो कुणीच गात नव्हतं. तंबोरा नीट लागला की स्वयंभू गंधार ऐकू येतो ना, तसलाच प्रकार. चार सुरांची कंपनं ४:५:६:७ ह्या हिशोबात बसली की हे होतं म्हणे, आणि त्यातला ७ च्या आकड्याचा सूर पेटीतल्या कोमल निषादाच्या जरा खाली लागतो, म्हणून पेटी बाजूला ठेवायला लावली. संगीताच्या सरांचं तोंड बघण्यासारखं झालतं.

इतिहास दहा मिनिटांत उरकला पण लपवाछपवी केली नाही, हे आवडलं. मूळ अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, न्हाव्याच्या दुकानात, गल्लीच्या कोपऱ्यावर, जॅझमधला नावाजलेला ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग पण लहानपणी न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर असंच चौघात गायचा. १९३८ ला टल्सा गावात ह्याची संस्था निघाली आणि तिनंच काळ्या गायकांना १९६३ पर्यंत बाहेर ठेवलं. एका मुलीनं विचारलं, आम्हाला चालतंय का? बायकांनी १९४५ मध्येच आपली वेगळी संस्था काढलेली, त्या जुन्या संस्थेनं पूर्ण सभासद करून घ्यायला मात्र २०१८ उजाडलं. 'एवढा उशीर?' म्हणली ती, त्यावर चौघंही गप.

तक्रारी आहेत. सगळे शब्द इंग्रजी, आमची मराठी मीडियमची पोरं निम्मा वेळ उच्चारातच अडकली, एखादी ओवी घेतली असती तर काय बिघडलं असतं? इथं एका बाकावर मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही घरची पोरं बसत्यात, कुठल्याही भाषेतलं काहीतरी घ्यायचं की. दुसरं म्हणजे दोन दिवस शिकवून गेले ते गेले, प्रॅक्टिसला रेकॉर्डिंग पण ठेवलं नाही, पोरं आता एकमेकाला मोबाईलवर आपापला सूर पाठवायलेत आणि तो दर वेळी थोडा थोडा खाली सरकतोय.

पाचपैकी चार देतो. दुसऱ्या शाळांनी बोलवायला हरकत नाही, फक्त साऊंडवाल्याला सुट्टी द्या आणि जिन्याखाली सतरंज्या टाकून ठेवा, फरशी लय गार असते सकाळी.