जड काम फोनवर करू की सर्व्हरवर ढकलू?
ऐरोलीच्या मावसभावाचा प्रश्न, फोटो एडिटिंगचं ॲप फोनवरच चालणारं घेऊ की सर्व्हरवर काम करणारं, बॅटरी कशात वाचेल? जाहिराती सोड रे.

बॅटरीचं म्हणशील तर सर्व्हरवर पाठवलं की प्रोसेसर आराम करतो पण रेडिओ, म्हणजे फोनमधला सिग्नल पाठवणारा भाग, राबतो, आणि फाईल गेल्यावरही मोबाईल डेटाचा रेडिओ लगेच झोपत नाही, काही सेकंद जागाच राहतो. म्हणजे बघायचं काय, तर पाठवायचं किती आणि गणित किती. बुद्धिबळाची चाल शोधायला पट एवढुसा, गणित ढीगभर, तिथे सर्व्हर भारी. मोठ्ठा व्हिडिओ चढवून जरासा कापायचा तर उलटं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१० मध्ये माऊई नावाची सिस्टीम करून हेच तपासलं, वायफायवर चांगली बचत, थ्रीजीवर बरीच कमी.

वेळ? काल ठाणे-वाशी लोकलमध्ये एक फोटो अपलोडला टाकला, तुर्भे आलं तरी गोल फिरतंय, फोन गरम तो गरम. डेटा गेला तो वेगळाच. आणि आधारचा फोटो परक्या सर्व्हरवर मी तरी नाही टाकणार.

तू लोकलमध्येच एडिट करतोस, फोनवरचंच घे. मावशीचा फोन जुना, घरी वायफाय, तिला सर्व्हरवालं टाकून दे.