पुराचा नकाशा: सेंटिनेल-१ की सेंटिनेल-२?

शिरोळच्या एका विद्यार्थिनीने विचारलं, पूररेषेच्या प्रकल्पासाठी कोणती उपग्रहचित्रं घेऊ? पर्याय दोन, सेंटिनेल-१ आणि सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं. खर्चाचा प्रश्नच नाही, दोन्ही फुकट मिळतात.

खरा फरक ढगांचा. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला तेव्हा आभाळ गच्च भरलेलं. सेंटिनेल-२ सूर्यप्रकाशात चित्रं टिपतो, त्याला वरून नुसते ढगच दिसतात. सेंटिनेल-१ चं रडार ढगांतून पाहतं, रात्रीसुद्धा. संथ पाण्यावरून रडारने सोडलेल्या लहरी दुसरीकडे निसटतात, म्हणून पाणी काळं उमटतं. पण काळं ते सगळं पाणी नव्हे. डोंगराची सावली, डांबरी पट्टाही फसवतो. उलट गल्लीत शिरलेलं आणि उभ्या उसाखालचं पाणी रडारला बऱ्याचदा दिसतच नाही. शिरोळात ऊस किती, ते सांगायला नको!

मेहनत? सेंटिनेल-२ चं चित्र शाळकरी पोरालाही वाचता येतं. रडारच्या चित्रातले ठिपके आधी साफ करावे लागतात, शिकायला वेळ जातो.

पूर चालू असताना बोटी कुठे धाडायच्या हे ठरवायचं, तर रडार. पाणी ओसरल्यावर पिकांचं नुकसान किंवा नदीकाठची वाढती बांधकामं पाहायची, तर सेंटिनेल-२. तिने मात्र दोन्ही घ्यावीत: उन्हाळ्यातल्या निरभ्र चित्रावर रडारचा पूर चढवायचा आणि उसाच्या पट्ट्यात गावकऱ्यांना विचारून खात्री करायची.