पीयूसीचा फोर-गॅस ॲनालायझर: उन्हाळा, पावसाळा, थंडी काढल्यानंतरचा अनुभव

भुसावळ-जळगाव हायवेला माझं पीयूसी सेंटर आहे, पत्र्याचं शेड, समोरून दिवसरात्र केळीच्या गाड्या. गाडीच्या धुरातले चार वायू मोजणाऱ्या या मशीनला आता तिन्ही ऋतू लागलेत म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव टाकत नाही कारण आतलं काम सगळ्यांचं जवळपास सारखंच, सीओ (कार्बन मोनॉक्साइड), सीओटू (कार्बन डायऑक्साइड), एचसी (न जळालेलं इंधन) इन्फ्रारेडवर आणि ऑक्सिजनला वेगळा केमिकल सेल.

मशीन चांगलंय, गरम झाल्यावर रीडिंग स्थिर येतं. डोक्यात जातो तो सर्व्हिसवाला. काहीही सांगा, फोनवरच "भाऊ, सेन्सर गेलाय" म्हणून मोकळा.

मे महिन्यात गंमतच झाली. धूर ओकणाऱ्या जुन्या खटाऱ्या आरामात पास आणि बीएस-६ ची नवी कोरी गाडी लॅम्बडावर, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाच्या आकड्यावर, फेल! गाडीमालक माझ्यावरच तापला, "काय भो, शोरूममधून काढून महिना नाही झाला" वगैरे. पण मी आधी सीओटू बघतो. पेट्रोल कार चांगली गरम असली की सीओटू १४-१५ टक्के आणि ऑक्सिजन १ च्या आत पाहिजे. इथे सीओटू १० आणि ऑक्सिजन साडेसहा. म्हणजे गाडीच्या धुरात बाहेरची हवा मिसळतेय, त्यामुळे सीओ पातळ होऊन जुनी पास होते, आणि लॅम्बडा ऑक्सिजनवरून निघतो म्हणून तो १.०३ च्या मर्यादेच्या कुठल्या कुठे वर जातो. हे बाईकवर बघू नका, बऱ्याच बाईकला सायलेन्सरमध्ये हवा सोडायची सोय असते, तिथे ऑक्सिजन तसाही जास्त येतो.

लीक शोधायला कोणी साबणाचं पाणी लावायला सांगतात, त्याचा उपयोग नाही, पंप हवा आत ओढतो तर बुडबुडा येणार कुठून? उलट पाणी आत जाईल. मी प्रोबचं (सायलेन्सरात घालायच्या नळीचं) तोंड बंद करून लीक टेस्ट लावली, फेल. मग पाइप मशीनपाशीच दाबून धरला, तरी फेल, म्हणजे प्रोब आणि पाइपात दोष नाही. वॉटर ट्रॅपची (धुरातलं पाणी अडवणारी) वाटी उघडली तर खालची रबरी ओ-रिंग उन्हाने चपटी होऊन कडक झालेली, नखाने दाबली तर तुटलीच. त्याच मापाची नवी रिंग टाकली आणि टेस्ट पास. किरकोळ काम, आणि सर्व्हिसवाला अख्खा सेन्सर बदलायला निघाला होता.

थंडीत सकाळी गार सायलेन्सरमधून पाणी खूप येतं, तेव्हा ट्रॅप भरायच्या आत रिकामा करा. पाणी फिल्टर ओलांडून इन्फ्रारेडच्या नळीत गेलं तर मग खरंच मोठं बिल.

मशीन साधी हवा ओढत असताना एचसीचा आकडा खाली येत नसेल तर बहुतेक पाइपात पेट्रोलची वाफ बसलेली असते. पाइप मशीनपासून काढून मगच कॉम्प्रेसर मारा, लावलेल्या पाइपात मारला तर पंपाचा पडदा फाटतो. आणि झिरो घेताना (साध्या हवेवर मशीन शून्यावर आणताना) शेजारी ट्रक चालू ठेवू नका, तोच धूर मशीन शून्य धरतं. मी झिरोचा पाइप शेडच्या मागे काढलाय, रस्त्याकडे नाही.

ऑक्सिजन सेल मात्र खरंच संपतो, मशीन बंद असलं तरी, कारण हवा त्याला लागतच असते. साध्या हवेवर ऑक्सिजन २०.९ टक्के येईना, कॅलिब्रेशन करूनही, तर समजा गेला. स्पेअर घेऊन कपाटात ठेवायचा नाही, आणि घेताना पाकिटावरची तारीख बघायची, मला दुकानदार जुना माल टेकवत होता.

नवीन घेणार असाल तर किमतीत घासाघीस कमी करा, एएमसीच्या (वर्षाच्या देखभाल कराराच्या) कागदात सेल, फिल्टर आणि कॅलिब्रेशनचा गॅस धरलाय का ते आधी वाचा. माझ्या एएमसीत फक्त माणसाचं येणं-जाणं आहे.