आमचाच कार्बोरेटर आम्हालाच ‘नवा’ म्हणून विकला

मार्केट यार्डातून पहाटे फुलं आणायला आमच्याकडे १९९७ची ओम्नी आहे, कार्बोरेटरवाली, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा पार्ट असलेली. डिसेंबरात तिला दोन दुखणी एकदम लागली. सकाळी चोक ओढूनही लवकर सुरू होईना, आणि झालीच तर सिग्नलला पाय उचलला की बंद. रेस दिली की मात्र मस्त पळायची. हे रेसचं लक्षात ठेवा.

धाकटा भाऊ हडपसर भागातल्या एका गॅरेजात गेला. मालकाने सीट उचलली, चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढलं आणि धूर दाखवला. “दादा, कॉम्प्रेशन गेलं. इंजिन खोलावं लागेल, पंचवीस हजार.” जुन्या इंजिनात तेवढा धूर असतोच. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, बघायचं तर प्लग काढून तिथे गेज लावतात. याने प्लगला हातही लावला नाही. भाऊ बिचकलेला पाहून सौदा उतरला: “पेट्रोलमधल्या इथेनॉलने कार्बोरेटर खाल्लाय. नवा टाकतो, साडेआठ हजार.”

इथेनॉलचं बोलणं अर्धं खरं, म्हणून तर पटतं. हल्लीच्या २० टक्केवाल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) खराब होऊ शकतात. पण ते बदलायला अख्खा कार्बोरेटर कशाला?

पैसे यूपीआयने दिले. बिल “नंतर देतो”, जुना पार्ट “भंगारात गेला”. गाडी चार दिवसांत पुन्हा सिग्नलला बंद.

मग नाना पेठेतल्या एका जुन्या मेकॅनिक काकांकडे नेली. त्यांनी आधी नुसती चावी ऑन करून कान लावला. कार्बोरेटरवरच्या सोलेनॉइडचा, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या छोट्या झडपेचा, ‘टिक’ आवाज यायला हवा, तो आला नाही. वायरची पिन गंजली होती. सोलेनॉइड उघडला नाही तर आयडलिंगचं, म्हणजे पाय उचलल्यावर इंजिन चालू ठेवणारं, पेट्रोलच बंद होतं. रेसला मुख्य जेटमधून, म्हणजे वेगळ्या छिद्रातून, मिळतं, म्हणून गाडी पळते. इंजिनच गेलं असतं तर रेसवर अशी पळाली असती का? शिवाय व्हॅक्यूमचा एक पाइप चिरला होता. तो बोटांनी दाबला की आयडलिंग सुधारायचं, सोडला की थरथर. आणि चोकची केबल ढिली, त्यामुळे झडप अर्धीच मिटत होती. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोकने हवा अडवून मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवावं लागतं. अर्ध्या झडपेने ते कसं होणार? सगळं मिळून सातशे रुपये.

काम झाल्यावर काकांनी विचारलं, “नवा टाकलाय म्हणता, मग हा बोल्ट?” वरच्या झाकणाच्या एका स्क्रूच्या जागी षटकोनी बोल्ट आहे. आटे गेले तेव्हा बाबांनीच तो बसवला होता. आमचाच कार्बोरेटर, क्लीनरने धुऊन चकचकीत केलेला.

बोल्टचा फोटो दाखवल्यावर गॅरेजचा मालक म्हणाला, “बॉडी तुमचीच, आतलं किट नवं.” किट नवं असतं तर कार्बोरेटरखालची गॅस्केट (सांध्यातली पातळ पट्टी) पण नवी असती. काकांनी ती आधीच पाहिली होती, जुनीच, काळी पडलेली.

काम देण्याआधी जुन्या पार्टचा फोटो काढा, त्यावर रंगाचा ठिपका द्या आणि काढलेला पार्ट परत मागा. बिल न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापार प्रथाच आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आम्ही यूपीआयची नोंद आणि बोल्टचा फोटो जोडून तक्रार केली आहे. मालकाने परवा फोन करून चार हजार देऊ केले. भाऊ म्हणतो घेऊन टाकू. मी नाही म्हटलंय.