हॉर्नबीचा सुरुवातीचा सेट: गाडी उत्तम, वायरिंग मात्र आपलं आपण करायचं

हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीच्या ओओ गेजच्या मॉडेल रेल्वेच्या सुरुवातीच्या सेटमध्ये इंजिन, दोन-तीन डबे, रुळांचा एक लांबट गोल, कंट्रोलर आणि त्याचा अ‍ॅडॉप्टर एवढं मिळतं. मॉडेल १:७६ चं, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी, रुळांना जाणारा करंट १२ व्होल्टच्या आसपासचा डीसी. फरशीवर मांडला की गाडी लगेच धावते आणि छान धावते. इंजिनाबद्दल तक्रार नाही. पण हाच सेट ८ बाय ४ च्या प्लायवर कायमचा ठोकायचा, एक सायडिंग (गाडी उभी करायची बाजूची लाईन) काढायची, पॉइंटला (गाडीची लाईन बदलणाऱ्या रुळाला) मोटर बसवायची म्हटलं की खोक्यातलं इलेक्ट्रिक अपुरं पडतं. हे परीक्षण त्या बाजूचं आहे, कारण बेळगाव-खानापूर-निपाणीकडे सेट मागवणाऱ्यांची गाडी अडते ती इथेच.

आधी प्लगचं बघा. ब्रिटनमधून आलेल्या अ‍ॅडॉप्टरच्या चपट्या तीन पिना आपल्या सॉकेटमध्ये जात नाहीत. व्होल्टेज मात्र तेच, २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लागत नाही, फक्त चांगला कन्व्हर्टर प्लग लागतो. ढिल्या कन्व्हर्टरमध्ये ठिणग्या पडतात, तो घेऊ नका. जपान किंवा अमेरिकेतून जुना कंट्रोलर आणवला असेल, तर प्लग लावण्याआधी मागची चिठ्ठी वाचाच. ‘इनपुट’पुढे नुसतं १०० किंवा १२० व्होल्ट असेल तर तो आपल्याकडे सरळ लावल्यावर जळेल. १००–२४० लिहिलं असेल तर चालतो. पावसाळ्यात करंट गेला की कंट्रोलरचं बटण बंद करायचं आणि हेस्कॉमची लाईट परत येऊन स्थिरावली की मगच चालू करायचं. जुन्या धाटणीच्या स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टरवर आतला ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, तापतो. तेवढ्यासाठी गाडी थांबवलेली बरी.

आता मुख्य दुखणं. सेटमधल्या एकाच पॉवर ट्रॅकमधून सगळ्या रुळांना करंट जातो. ८ बाय ४ वर साधारण साडेपाच मीटरचा गोल बसतो, म्हणजे सोळा-सतरा तुकडे आणि तीसच्या वर फिशप्लेट, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्या. प्रत्येक फिशप्लेट पत्र्याच्या दाबावर टिकलेला जोड आहे. नवीन असताना तो घट्ट असतो. रूळ चार वेळा काढून-घालून झाले, ऑक्साइड चढलं, खाली प्लाय फुगून हलला, की जोडाचा रोध वाढतो. मग पॉवर ट्रॅकजवळ जोरात जाणारी गाडी पलीकडच्या वळणावर मंदावते. लोक इंजिन उघडून बसतात, दोष मात्र जोडांत असतो. कॅसलरॉक–कुळे घाटाचा १:३७ चढ लेआउटवर उभा करायची हौस असेल, मागे बँकर म्हणून दुसरं इंजिनही लावायचं असेल, तर करंट दुप्पट लागतो आणि ही कमजोरी पहिल्यांदा चढावरच दिसते.

यावर बस वायर हाच उपाय. प्लायच्या खालून एक लाल आणि एक काळी, १.५ चौ. मिमीची तांब्याची घरगुती वायर लांबीभर न्यायची. सायडिंगसकट प्रत्येक रंगाची पाच मीटर पुरते, आणि ती इलेक्ट्रिकलच्या दुकानात सुटी मिळते. या जाडीच्या तांब्याचा रोध किलोमीटरला १२-१३ ओहम, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटरला १ अँपिअरवर जेमतेम ०.१३ व्होल्ट पडतो. बसपासून रुळापर्यंत साधारण ०.२२ चौ. मिमीची बारीक मल्टिस्ट्रँड वायर, म्हणजे ड्रॉपर. ड्रॉपर ३० सेंमीपेक्षा लांब नको. दर ९० सेंमीला एक जोडी धरली तर या गोलाला सहा जोड्या होतात. बाहेरच्या रुळाला कायम लाल, आतल्याला कायम काळी. हा नियम मोडला की शॉर्ट.

डाग देताना, म्हणजे सोल्डरिंग करताना, घाई नडते. २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री वायरला ठीक, पण रूळ उष्णता ओढून घेतो. ती रुळावर बराच वेळ धरावी लागते आणि तेवढ्यात खालचे प्लास्टिकचे स्लीपर वितळतात. ४० ते ६० वॅटची घ्या, टोक कथलाने ओलं करा, दोन-तीन सेकंदांत काम उरका. जागा रुळाच्या बाहेरच्या बगलेवर, म्हणजे चाकाची कड तिथे घासत नाही. आधी तेवढाच भाग बारीक पॉलिशपेपरने चमकवा, दोन्ही बाजूंना ओल्या कागदाचे बोळे ठेवा. कथील ६०/४० चं, फ्लक्स राळेचा. भांड्यांना डाग देणारे वापरतात ते ॲसिड इथे मुळीच नको, चार महिन्यांत वायर हिरवी पडून तुटते. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे राळेचा फ्लक्स डबीत मिळतो.

प्रत्येक जोडीनंतर मल्टिमीटरच्या बझरने दोन्ही रूळ तपासा. कंट्रोलर सोडवलेला आणि इंजिन उचललेलं असलं पाहिजे, नाहीतर मोटरच शॉर्टसारखी दिसते. हॉर्नबीच्या साध्या पॉवर ट्रॅकमध्ये, म्हणजे आर ८२०६ मध्ये, रेडिओ-टीव्हीची खरखर दाबायला एक कपॅसिटर असतो. त्याच्यामुळे मीटर क्षणभर हलला तर घाबरू नका. सलग वाजत राहिला तर मात्र शेवटची जोडी उलटी लागली आहे. सहाही जोडून मग तपासणारा अर्धा दिवस प्लायखाली काढतो.

सायडिंगच्या बाबतीत सेटची एक खुबी आहे आणि तीच पुढे गोंधळ घालते. हॉर्नबीचे पॉइंट करंटही वळवतात. ज्या बाजूला पॉइंट लागला असेल तीच लाईन जिवंत, दुसरी बंद. त्यामुळे सायडिंगवर एक इंजिन उभं करून दुसरं मेन लाईनवर चालवता येतं, वेगळं बटण लागत नाही. पण ‘प्रत्येक रुळाला ड्रॉपर’ म्हणत तुम्ही सायडिंगलाही जोडी दिलीत, की ही सोय गेली. दोन्ही इंजिनं एकदम निघतात. सायडिंग एक-दोन तुकड्यांची असेल तर तिला ड्रॉपर देऊच नका. लांब असेल तर पॉइंटनंतर एका रुळात प्लास्टिकची फिशप्लेट, आर ९२०, घाला आणि त्या रुळाच्या ड्रॉपरमध्ये साधं टॉगल बटण बसवा. दुसरा ड्रॉपर बस वायरला थेट जोडला तरी चालतो.

पॉइंट मोटरला, हॉर्नबीच्या आर ८०१४ ला, आत दोन कॉइल असतात आणि तिला क्षणभराचाच करंट हवा. घरातलं दिव्याचं बटण लावलं आणि ते चालू राहिलं, तर कॉइल मिनिटभरात जळते. दारावरच्या बेलचं पुश बटण चालतं, एका मोटरला दोन. त्याहून चांगला सीडीयू, म्हणजे कपॅसिटर डिस्चार्ज युनिट. त्यातला मोठा कपॅसिटर भरून एका झटक्यात रिकामा होतो, पॉइंट ठणकन पूर्ण बसतो, आणि बटण दाबलेलं राहिलं तरी कॉइल वाचते. त्याला १६ व्होल्ट एसीचा वेगळा ट्रान्सफॉर्मर द्या. रुळाच्या कंट्रोलरवरून पॉइंट मारू नका, गाडी धक्के खाते.

खानापूर, जांबोटीकडच्या दमट हवेत साधा कमर्शियल प्लाय फुगतो. १२ मिमीचा आयएस ७१० छापाचा (मरीन प्लाय) घेतला तर जोड हलत नाहीत. रुळाचा माथा आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या कपड्याने पुसायचा. पॉलिशपेपर माथ्यावर नको, ओरखड्यांत काजळी बसते.

वायर, कथील, इस्त्री, साधा मल्टिमीटर हे सगळं एका हॉर्नबी डब्याच्या किमतीच्या आसपास होतं. म्हणून पैसे मोजकेच असतील तर सेट आणि हे सामान घ्या, जादा डबा पुढच्या वर्षी घ्या. पुढे डीसीसीवर, म्हणजे रुळांतून इंजिनाला डिजिटल हुकूम द्यायच्या पद्धतीवर, जायचा विचार असेल तर बस आणि ड्रॉपर तसेच कामाला येतात, फक्त पॉवर ट्रॅकमधला तो कपॅसिटर काढावा लागतो. तो राहिला तर डिजिटल सिग्नल बिघडतो आणि इंजिन हुकूम ऐकत नाही.