खऱ्या जर्नलच्या नावाने चाललेले बनावट संकेतस्थळ आणि त्यात अडकलेला शोधनिबंध

रात्रपाळीत काम करणाऱ्या कामगारांच्या झोपेवरचा आमचा शोधनिबंध एका बनावट संकेतस्थळाने आमच्या संमतीविना प्रसिद्ध केला आणि नंतर तो काढून टाकण्यासाठी पैसे मागितले. ज्या जर्नलसाठी आम्ही तो लिहिला होता ते अस्सल आणि प्रतिष्ठित आहे. त्याचे नाव, मुखपृष्ठ, आयएसएसएन क्रमांक (नियतकालिकाची आंतरराष्ट्रीय ओळखसंख्या) आणि संपादक मंडळाची यादी जशीच्या तशी उचलून भामट्यांनी वेगळ्या डोमेनवर दुकान थाटले होते, आणि सर्च इंजिनमध्ये नाव टाकल्यावर मूळ जर्नलच्या आधी तेच समोर येत होते.

निबंध पाठवल्यावर आठवड्याच्या आत समीक्षकांचे अभिप्राय आले. एकाने भाषेच्या किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या होत्या, तर दुसऱ्याने प्रयोगशाळेतील काम काटेकोर असल्याचे कौतुक केले होते. आमच्या अभ्यासात प्रयोगशाळा कुठेही नव्हती; कामगारांनी पाळी संपवून घरी गेल्यावर भरलेल्या झोपेच्या नोंदवह्या हाच त्याचा सगळा आधार होता. या अभिप्रायाबद्दल माझ्या सहलेखिकेने संपादकांकडे विचारणा केली, तेव्हा उत्तर आलेच नाही. उलट दुसऱ्या दिवशी निबंध संकेतस्थळावर झळकला आणि पाठोपाठ प्रकाशन शुल्काचे बिल आले, ज्याचा तोपर्यंत अवाक्षरानेही उल्लेख झाला नव्हता. निबंधावर छापलेला डीओआय क्रमांक, म्हणजे निबंधाची कायमस्वरूपी डिजिटल ओळख, तपासला, तर तो कुठे नोंदलेलाच नव्हता. संपादक मंडळातील एका प्राध्यापकांना आम्ही त्यांच्या विद्यापीठाच्या ईमेलवर लिहिले. मूळ जर्नलचे काम आपण पाहतो, मात्र या संकेतस्थळाशी आपला काहीही संबंध नाही, असे त्यांनी लगेच कळवले.

खरी अडवणूक त्यानंतर सुरू झाली. निबंध मागे घेतो म्हटल्यावर मागे घेण्याचे वेगळे शुल्क मागण्यात आले, आणि ते प्रकाशन शुल्काहून जास्त होते. यामागचा हिशेब साधा आहे: एकच निबंध एका वेळी दोन जर्नलांकडे पाठवणे संशोधनाच्या नीतीत बसत नाही, आणि आधी प्रसिद्ध झालेला मजकूर साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ताबडतोब पकडला जातो. म्हणजे प्रामाणिक संशोधकाला बांधून ठेवणारा नियमच हे लोक त्याच्याविरुद्ध वापरतात. ही युक्ती नवी नाही. ग्राहकांच्या फसवणुकीविरुद्ध कारवाई करणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ओमिक्स या प्रकाशन समूहाविरुद्ध 2016 मध्ये दाखल केलेल्या तक्रारीत शुल्क आधी न सांगणे आणि निबंध मागे घेऊ न देणे हे दोन्ही आरोप होते. 2019 मध्ये तिथल्या न्यायालयाने त्या समूहाला 5 कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला.

'छापून तर आला आहे, नोंद राहू द्या' असा सल्ला आम्हाला काही ज्येष्ठांनी दिला. तो मला आजही अस्वस्थ करतो. ज्या कामगारांनी थकल्या डोळ्यांनी रोज नोंदी केल्या, त्यांच्याकडून संमतिपत्र घेताना हे निष्कर्ष तज्ज्ञांच्या तपासणीतून जाऊन सर्वांना उपलब्ध होतील, असे आम्ही लेखी सांगितले होते. माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वे सांगणारे हेलसिंकी घोषणापत्रही निष्कर्ष प्रसिद्ध करण्याबाबत संशोधक, लेखक, संपादक आणि प्रकाशक या सर्वांवर नैतिक जबाबदारी टाकते. कोणीही न वाचता स्वीकारलेला निबंध बढतीच्या अर्जात मिरवणे म्हणजे त्या लोकांशी केलेला करार मोडणे होय.

आमची सुटका झाली ती कागदपत्रांमुळे. निबंध पाठवण्यापूर्वी आम्ही त्याचा प्रीप्रिंट, म्हणजे समीक्षेआधीचा मसुदा, सार्वजनिक केला होता, त्यामुळे मजकूर कोणाचा आणि कधीचा, हे तारखेनिशी दाखवता आले. मूळ जर्नलच्या संपादकांनी असा निबंध आपल्याकडे कधी आलाच नव्हता, असे पत्र दिले. स्वामित्वहक्क हस्तांतरणाच्या अर्जावर आमची सही झालेली नव्हती. हे सगळे जोडून, घडलेला प्रकार पहिल्याच पत्रात सविस्तर सांगून आम्ही निबंध दुसऱ्या जर्नलकडे पाठवला आणि त्यांनी तो विचारात घेतला.

तुम्ही निबंध पाठवणार असाल, तर सर्च इंजिनवरून किंवा ईमेलने आलेल्या दुव्यावरून जर्नलच्या संकेतस्थळावर जाऊ नका. आपल्या ग्रंथपालांना विचारा किंवा आयएसएसएन पोर्टलवरील नोंदीत प्रकाशक कोण आहे ते पाहून त्या प्रकाशकाच्या संकेतस्थळावरून आत शिरा. आयएसएसएन ही केवळ ओळखसंख्या आहे, दर्जाचा दाखला नव्हे, आणि ती कोणीही आपल्या पानावर चिकटवू शकतो. जुन्या अंकांतील दोन-तीन निबंधांचे डीओआय उघडून बघा, कारण खोटेपणा तिथेच सर्वांत लवकर उघडा पडतो. मागे घेतलेल्या शोधनिबंधांचा मागोवा घेणाऱ्या रिट्रॅक्शन वॉच या संकेतस्थळाने अशा बळकावलेल्या जर्नलांची यादी ठेवली आहे, तीही पाहावी. मात्र यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. निबंध अडकलाच, तर मागे घेण्याचे शुल्क भरू नका, कारण पैसे घेऊनही ते पान हटवतील याची काहीच हमी नसते. माघारीची लेखी सूचना पाठवून तिची प्रत जपून ठेवा, आणि मूळ जर्नल व आपल्या संस्थेची नीतिशास्त्र समिती या दोघांनाही त्याच दिवशी कळवा.